आठ ओळी

तिसऱ्या शुक्रवारीही टीव्हीच्या पडद्यावर अठ्ठावन्न उमटला, आणि क्लबात कोणी टाळी वाजवली नाही.

पहिल्या खेपेला वाजवली होती. दुसऱ्या खेपेला थेल्माने मर्व्हला विचारलं होतं, फ्रीज मोठा घेतलास का रे, आणि सगळे हसले होते. आज बक्षिसाचा मटणाचा ट्रे टेबलावर तसाच राहिला. चॉप्स, सॉसेज, मेंढ्याची अख्खी तंगडी. माणसं आधी मर्व्हकडे बघत होती आणि मग वर्नाकडे.

भिंतीवरच्या फळ्यावर एक ते ऐंशी आकड्यांची घरं होती. ज्याचं घर त्याचं, वर्षानुवर्षं तेच. अठ्ठावन्न मर्व्हचं. मर्व्ह म्हणजे वर्नाचा धाकटा दीर, मार्चात धान्याच्या गोदामातल्या कामावरून कमी केलेला. आणि सोडत काढणारं यंत्र वर्नाचं.

यंत्र म्हणजे टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर, तिची मुलगी अ‍ॅडलेडला जाताना मागे ठेवून गेली होती. वर्नाने थंडीभर त्याच्यासोबतचं पुस्तक पुढ्यात घेऊन एका बोटाने अक्षरं वेचली. पुस्तकात फासे टाकायचा खेळ होता, आठ ओळींचा. सहाच्या जागी तिने ऐंशी घातले आणि त्या ओळी कॅसेटवर भरून ठेवल्या, एवढंच. अध्यक्ष डेस पिपातून गोट्या काढायचे तेव्हा त्यांच्या बोटांबद्दल कुजबुज व्हायची. म्हणून तिनेच सुचवलं होतं की मध्ये माणसाचा हातच नको.

डेसनी पुन्हा काढायला सांगितलं. तिने बटण दाबलं. बारा. आणखी एकदा दाबलं. एकोणसत्तर.

"बघा," थेल्मा म्हणाली. "पहिला तेवढा घरच्यांचा. मागचे गावाला."

डेसनी फार सभ्यपणे विचारलं, वर्नाला आपणहून काही सांगायचं आहे का. बावीस वर्षं ती या क्लबाच्या स्वयंपाकघरात राबली होती. डेस तिच्याशी इतकं सभ्य कधी बोलले नव्हते. आज मान खाली घालून बाहेर पडलं तर या दारातून परत आत येता येणार नाही, हे तिला कळलं.

तिने मर्व्हकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. दर शुक्रवारी यंत्र तोच आपल्या गाडीतून आणायचा, तारा तोच जोडायचा. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण मर्व्हला कॅसेटची सुलटी बाजूही कळत नव्हती. तो काय करणार?

मग तिला ती दुपार आठवली. सगळे आकडे येतात ना, हे बघायला तिने घरी बटण शेकडो वेळा दाबलं होतं. सगळे आले होते. पण त्या दुपारभर यंत्र एकदाही बंद केलं नव्हतं. इथे ते दर शुक्रवारी नव्याने सुरू व्हायचं आणि बटण एकदाच दाबलं जायचं.

तिने प्लग उपटला.

"पुरावा पुसतेय," मागून कोणीतरी म्हणालं.

तिने प्लग परत लावला, कॅसेट मागे नेली आणि सुरू केली. साठ माणसं तिची घरघर ऐकत उभी राहिली. मर्व्हने मान वर केली नाही.

"थेल्मा, तू दाब. माझा हात नको."

थेल्माने बोट स्कर्टला पुसलं आणि दाबलं. अठ्ठावन्न. मग बारा. मग एकोणसत्तर.

वर्नाने पुन्हा प्लग काढला, पुन्हा लावला. या वेळी डेसनी दाबलं. अठ्ठावन्न, बारा, एकोणसत्तर. शाळेतल्या पोरासारखं पाठ करून आलंय, असं कोणीतरी म्हणालं, पण हसू काही पसरलं नाही.

"पाठ करून घेतलं कोणी?" थेल्माने विचारलं.

वर्नाने आठही ओळी पडद्यावर आणल्या आणि यात अठ्ठावन्न कुठे लिहिलाय तेवढं दाखवायला सांगितलं. थेल्माने चष्मा चढवला. काचेवर बोट ठेवून ती वरून खाली गेली, खालून वर आली. ऐंशी सापडला. अठ्ठावन्न नव्हता. ती डेसकडे वळून म्हणाली की नाही बाई, इथे तर काही दिसत नाही.

"मग येतो कुठून?" डेस म्हणाले.

"माहीत नाही," वर्ना म्हणाली. "मला तेच बघायचंय."

पुढच्या शुक्रवारपासून चिठ्ठ्या डेसच्या टोपीत घालायच्या असं ठरलं. तिने मान हलवली. कोणी तिची माफी मागितली नाही, पण थेल्माने जाताना तिच्यासाठी दार धरून ठेवलं. ट्रे टेबलावरच राहिला.

गाडीत वर्ना यंत्र मांडीवर घेऊन बसली. समोर खाडीवर अजून उजेड होता. तिला त्या आठ ओळी डोळ्यांसमोर दिसत होत्या. पाचव्या ओळीत काहीतरी होतं. पुस्तकातून तिने ती नुसती उतरवली होती, वाचली नव्हती. आता घरी जाऊन ते पान उघडायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मर्व्हने गाडी सुरू केली नाही.

"म्हणजे पहिल्या वेळीही तू काही केलं नव्हतंस?"

"मी? नाही रे."

"आम्ही नवरा-बायको घरात धरूनच चाललो होतो. तू करतेस म्हणून. कोणाला बोललो नाही." त्याने स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. "गेल्या शुक्रवारी जून म्हणाली, कोणीतरी आपली काळजी घेतंय, मर्व्ह."

वर्ना यंत्राची तार बोटांभोवती गुंडाळत राहिली.

"आता तिला काय सांगू?" त्याने विचारलं.