अवघडावरची खूण

"अवघड गणितावर खूण करू, की सोप्यावर?"

सेकंदने काउंटरवर फॉर्म ठेवला. नीट घडी घातलेला, खालची सहीची ओळ तेवढी वर दिसेल असा.

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग होती. "अवघड म्हणजे किती अवघड?"

"म्हणतात, अकरावीत निम्मी मुलं त्यातच आपटतात."

"आणि एकदा खूण केली, की?"

"मग बदलता येत नाही. शुक्रवार शेवटची तारीख. सही लागेल."

स्प्रिंग जागेवर बसली. घड्याळजीने श्वास सोडला. लेक सोळाची झाली होती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून तिचं नाव सेकंद पडलं, शाळेतलं नाव शाळेपुरतं राहिलं. दहावीला गणितात तिला बरे गुण होते. तरी आज ती सोप्याचं नाव घेत होती, आणि तेच त्याच्या जिवाला लागलं.

दहावीनंतर तो स्वतः याच खुर्चीवर येऊन बसला होता. वडिलांचे हात थरथरू लागले होते, आणि थरथरत्या हातांत घड्याळ कोण देणार? गणित सुटलं ते सुटलंच. पण सुटलेली गोष्ट आयुष्यभर खिशात टिकटिकत राहते, हे त्याला ठाऊक होतं. पोरीच्या खिशात ती टिकटिक नको.

"त्या अवघडाचं पुस्तक इथे ठेवून जा," तो म्हणाला.

"तू काय करणार त्याचं?"

"बघतो तरी, काय वाघ-सिंह बसलेत त्यात."

दुपारी गिऱ्हाईक नसे. तो पुस्तक उघडून बसे. पहिलाच धडा सीमांचा. एक संख्या दुसरीकडे निघते, निम्मं अंतर कापते, मग उरलेल्याचं निम्मं, मग त्याचंही निम्मं. जवळ जाते, आणखी जवळ जाते, पोचत मात्र नाही. दोन दिवस त्याचं डोकं नुसतं गरगरलं.

शेजारच्या शिंपीणबाईंनी डोकावून पाहिलं. "काय घड्याळजी, पुस्तक बंद पडलंय का? उघडून बसलात ते."

"चालू आहे हो. मीच मागे पडलोय."

तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची चावी संपत आली होती. लंबकाचा झोका लहान झाला, मग इवलासा, मग होता की नव्हता असा. घड्याळजी बघत राहिला आणि एकटाच हसला. पलीकडून शिवणयंत्र थांबलं. "बरं आहे ना?" बाई म्हणाल्या.

"बरं नाही, छान आहे," तो म्हणाला.

रोज संध्याकाळी सेकंद स्टुलावर बसे आणि तो शिकवे. ती ऐके, मान हलवे, मग मधेच बोट ठेवे. "पण ही पायरी कुठून आली? आणि शून्याने भागलं तर?" नेमकी तीच पायरी त्याने दुपारी घाईघाईने ओलांडलेली असे. मग तो अडखळे, कागद फाडे, पुन्हा मांडे, आणि मांडता मांडता त्यालाच लख्ख कळे. पोरीला बरोबर तिथेच कसं अडतं, याचं त्याला कौतुक वाटे. अडायलाही अक्कल लागते, तो मनाशी म्हणे.

बुधवारी तो एका मनगटी घड्याळाचं झाकण लावत होता. लावण्याआधी त्याने आतल्या बाजूला सुईने बारीक तारीख कोरली, मुंगीच्या पायाएवढी.

"ज्याने उघडलं त्याने आत तारीख ठेवायची," तो सवयीने म्हणाला. "पुढच्या कारागिराला कळतं, इथे आधी कोणीतरी येऊन गेलंय."

"माहीत आहे रे बाबा. भिंग लावून मीच वाचून दाखवायचे ना तुला."

गुरुवारी धड्यातलं शेवटचं, आठवं गणित सुटलं. सोडवताना चहा दोनदा गार झाला.

शुक्रवारी सेकंद पेन उघडूनच आली. "बोल. कुठे करू खूण?"

"तुझं तू सांग. झेपेल?"

"मी नाही सांगणार. तुला काय वाटतं?"

घड्याळजीने पुस्तकावर हात ठेवला. "पहिले दोन दिवस कडू जातं. मग सोडवत नाही. अवघडावर कर."

"नक्की? मागाहून म्हणशील, झेपत नाही."

"मी कशाला म्हणतोय? घाबरून सोपं घ्यायचं नाही, एवढं सांगून ठेवतो."

"तेच म्हणते मी." तिने घडीच्या आत पेन सरकवून खूण केली आणि सहीची ओळ त्याच्यापुढे धरली. त्याने झोकात सही ठोकली.

"फोटो चिकटवायचाय. शेजारच्या शिंपीणकाकूंकडून डिंक आणते." फॉर्म तसाच ठेवून ती पळाली.

भिंग अजून त्याच्या डोळ्यावर होतं. जाता जाता आठवं गणित पुन्हा बघावं म्हणून त्याने पुस्तक उघडलं. गणिताच्या कोपऱ्यात एक ठिपका होता. छपाईचा डाग असावा. त्याने वाकून पाहिलं. सुईने कोरलेली तारीख होती, तीन महिन्यांपूर्वीची. सातव्यापाशी त्याच्या आदल्या दिवशीची. त्याने पानं उलटली. दुसरा धडा, पाचवा, शेवटचा. प्रत्येक गणिताच्या कोपऱ्यात मुंगीचा पाय उमटला होता.

घड्याळजीने फॉर्म ओढला आणि पहिल्यांदाच त्याची घडी उलगडली.

वर लिहिलं होतं, बहिःस्थ विद्यार्थी. खाली अर्जदाराच्या रकान्यात सेकंदच्या वळणदार अक्षरात त्याचं स्वतःचं नाव होतं, आणि त्यापुढे, वय: एक्कावन्न.