फाटकापलीकडचं तळं
मोहोळजवळचं तळं सरकारी होतं, पण वाट सोलापूरच्या एका बिल्डरने घेतलेल्या शेतातून जायची. त्याने फाटक बसवलं आणि राखणीला बिरप्पाला ठेवलं. एके दिवशी सकाळी कासीम मासे धरायला जाळं घेऊन आला, तेव्हा बिरप्पाने मान खाली घातली. "मागं फिर गड्या. न्हायतर माजी नोकरी जाती की." वीस वर्षांची दोस्ती, कासीम जाळं खांद्यावर टाकून परतला. दुपारी बिरप्पाची बायको कस्तुराबाई धापा टाकत कासीमच्या दारात आली. गाळात रुतलेली शेळी काढायला बिरप्पा पाण्यात उतरला होता. त्याला पोहता येत नव्हतं आणि काठावर मदतीला कुणीच नव्हतं. कासीमने तळ्यावर धावत जाऊन जाळं टाकलं. तिसऱ्या खेपेला जाळ्यात बिरप्पा आला, पण त्याचा श्वास थांबला होता. महिन्याने कस्तुराबाईनेच दगडाने फाटकाचं कुलूप फोडलं. "जावा भाऊ. कोण अडवतंय बगते मी." आता कासीम रोज तळ्यावर जातो. पण जाळं जड लागलं की ओढण्याआधी डोळे मिटतो.