पाटीवर नसलेले बोल

मूकपटांच्या काळात वलगावची तुळसाबाई सिनेमात नायिका झाली. घोडा ती स्वतः दौडवायची, नदीत उडीही स्वतःच घ्यायची. मग बोलपट आले. तिची वऱ्हाडी बोली चालणार नाही, असं कंपनीच्या मालकाने सांगितलं, तेव्हा ती गावी परतली आणि झेंडूची शेती करून तिने लेकरं वाढवली. तिचा एकही सिनेमा घरात कुणी पाहिला नव्हता. यंदा एका सिनेमाची जुनी रिळं सापडली आणि अमरावतीत त्याचा खेळ लागला. तुळसाबाईची नव्वदीला टेकलेली लेक गोदाबाई नात आचलसोबत पुढच्या रांगेत बसली. पडद्यावर दरोडेखोरांनी वाट अडवली. घोड्यावरची तुळसाबाई काहीतरी ओरडली आणि पाठोपाठ अक्षरांची पाटी आली, ‘दुष्टांनो, दूर व्हा!’ गोदाबाई खळखळून हसली. “काहून हसून राहिली आजी?” पडद्याच्या उजेडात आचलने विचारलं. कान गेल्यापासून गोदाबाई माणसांचं बोलणं ओठांवरूनच ओळखायची. “पाटी खोटी हाये वं. माय म्हनून राहिली, ‘सरका रे मुडद्याहो, नाही त घोडाच घालतो अंगावर!’” सभागृहात हशा पिकला, मग टाळ्या. आयोजकांनी खेळ थांबवून तिला पडद्याशेजारी खुर्ची दिली, माइक दिला. “आता पाट्या वाचू नका,” गोदाबाई म्हणाली, “माय काय म्हनते, ते मी सांगतो.” मग शेवटपर्यंत तुळसाबाई पडद्यावर ओठ हलवत राहिली आणि अंधारात तिची लेक तिच्याच ठसक्यात, तिच्याच वऱ्हाडीत बोलत राहिली.