टेंगूळ

“काका, इंद्रजित कुठंय?” बबलूनं विचारलं.

“मीच,” सदाशिवराव म्हणाले.

यवतमाळच्या त्या पेट्रोलपंपावर जमलेल्या रायडर पोट्ट्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ग्रुपवर इंद्रजितचं वय पंचवीस लिहिलेलं, फोटोच्या जागी डोंगर. इथं समोर उभा होता तो पंचावन्नच्या घरातला, विरळ केसांचा, पायांत चपला घातलेला माणूस.

“पंचवीस म्हणजे मनानं का, काका?” बबलू म्हणाला. राईड त्यानंच ठरवलेली. पोरं खिदळली.

“हसा बापा. पण येऊ द्या मले. मागं मागं येतो, कोणाले तरास देत नाही.” आणि त्यांनी खरोखरच हात जोडले.

हसणं थांबलं. बबलू ओशाळला. “या मग. पण हेल्मेट काढू नका.”

सदाशिवरावांना रायडिंगचं काय घेणंदेणं? बाभुळगावात मोटार वायंडिंगचं दुकान, आणि गाडी चालवायची ती घर ते दुकान. वेड होतं ते पोराला, रजतला. परीक्षेचा पेपर सोडून तो मित्रांबरोबर राईडला गेला, तेव्हा यांनी दुकानात गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. वर म्हणाले, “पुन्हा तोंड दाखवू नको.” जन्मात कधी बापाचं न ऐकणाऱ्या पोरानं नेमकं हेच ऐकलं. गाडी घेऊन गेला तो गेलाच. फोन बंद. ठाण्यात म्हणाले, पोरगा सज्ञान आहे, मर्जीनं गेला. या गोष्टीला दोन वर्षं झाली.

तेव्हापासून त्यांची बायको विजयमाला त्यांच्याशी कामापुरतं बोले. ताट वाढी, आत जाई, मोबाईल घेऊन पडून राही. सदाशिवराव ओसरीत आपला मोबाईल घेऊन बसत. जिल्ह्यातले रायडिंगचे सगळे ग्रुप त्यांनी फेसबुकवर धुंडाळले, तेही खोट्या नावानं. खरं नाव दिसलं तर पोरगं बिथरेल, ही धास्ती.

आणि एक दिवस ‘वाटसरू’ नावाच्या कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, “केळापूरच्या राईडले येणाऱ्यांनो, पांढरकवड्याच्या अलीकडे मोठं टेंगूळ हाय. सांभाळा.”

सदाशिवरावांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. टेंगूळ म्हणजे स्पीडब्रेकर. हा शब्द रजतचा. लहानपणी गाडीच्या टाकीवर बसून तो ओरडायचा, “बाबा, टेंगूळ आलं.” पुढं घरात सगळेच तसं म्हणायला लागले. घराबाहेर मात्र स्पीडब्रेकरला टेंगूळ म्हणणारं त्यांना कोणी भेटलं नव्हतं.

त्यांनी वाटसरूला लिहिलं, “टेंगूळ आलं की हळू घेतो.”

मग प्रश्न आला, “घरी कोण कोण असते?”

“असून नसल्यासारखे. रागाच्या भरात सगळं मोडलं. आता समोर जायची हिंमत होत नाही.”

“बाप वाईट नाही,” वाटसरूनं लिहिलं. “त्याले फक्त माफी मागता येत नाही.”

सदाशिवरावांची खात्री पटली. पोरानं बापाला ओळखलं होतं, आणि वर मोठ्या मनानं वाटही दाखवली होती. माफी मागायची, बस. एवढं जमलं तर पोरगं घरी येईल, आणि नाही जमलं तर पुन्हा कधीच सापडणार नाही. त्यांनी विचारलं, “रविवारी केळापूरले भेटशील?” उत्तर लगेच आलं, “देवळाजवळच्या लिंबाखाली.”

विजयमाला शनिवारीच पांढरकवड्याला बहिणीकडे गेली होती, त्यामुळं घरी थाप मारायची वेळ आली नाही. बरंच झालं. पोराला पुढ्यात उभं करू, मग ती बोलेल आपल्याशी, असं त्यांनी मनाशी धरलं.

रस्ताभर ते सगळ्यांच्या मागं होते. पाठ भरून आली, बोटं आखडली. उशीर झाला आणि पोरगं निघून गेलं तर? बबलू अधूनमधून मागं येऊन विचारी, “काका, जमून राह्यलं ना?” ते नुसती मान हलवत. तोंडानं एकच वाक्य घोकणं चालू होतं आणि तेच पुन्हापुन्हा चुकत होतं.

केळापूरला पोरं गाड्या लावून दर्शनाला गेली. सदाशिवराव लिंबाकडे वळले.

झाडाखाली एक मोपेड उभी होती. तिच्यावर जाड जॅकेट घातलेलं कोणीतरी त्यांच्याकडे पाठ करून बसलं होतं. हेल्मेट, त्याखाली तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ. बाईक विकून मोपेडवर आलं पोरगं. खांदे केवढे उतरले. खातं की नाही कोण जाणे.

“रजत,” ते म्हणाले.

खांदे दचकले.

“वळू नको, पोरा. तोंडावर नाही बोलता येणार मले.” “माझं चुकलं. चारचौघांत हात नव्हता उचलायचा. पेपरपेक्षा तू मोठा होतास, हे कळलं नाही मले. तुह्या मायनं दोन वर्षांत माह्याकडं धड पाह्यलं नाही, अन् बरोबर हाय तिचं. माफ कर. रोज गाडी फिरव, मी काही म्हणणार नाही. फक्त घरी चाल.”

पाठ हुंदक्यांनी हलायला लागली. सदाशिवरावांना हायसं वाटलं. बोललो एकदाचं. त्यांनी पुढं होऊन त्या खांद्यावर हात ठेवला.

हेल्मेट निघालं. मग सावकाश स्कार्फ सुटला.

“तुम्ही इंद्रजित?” विजयमाला म्हणाली. “मंग माहा रजत कुठंय?”