जळकी कॉइल

इंजिनाचे झाकण उघडताच जळक्या वार्निशचा वास अंगणभर पसरला. विकायला काढलेल्या बाबांच्या जुन्या मोटारसायकलची बॅटरी चार्ज करणारी कॉइल कोळशासारखी काळी पडली होती. मी नवी बसवायला घेतली, तोच दादा नाकाला रुमाल लावून आला.

"राहू दे. बॅटरी बाहेरून चार्ज करून ठेव. देताना दिवा लख्ख लागला की झालं."

"आणि वाटेत अंधारात विझला तर?"

"तेव्हा ती आपली गाडी नसेल."

"गिऱ्हाईक भांडायला येईल, दादा."

"नाही येणार. भाऊजींना देतोय. ताई माहेराविरुद्ध अवाक्षर ऐकून घेत नाही."

तोवर त्या वासाचे मला काहीच वाटले नव्हते. हातातली नवी कॉइल खाली न ठेवता मी दादाकडे रुमाल मागितला.