नंदीची पाटी

नवी पेठेतले सगळे घरदलाल एकेक करून मुंबईच्या कंपनीचं नाव लावून बसले. "नाव त्यांचं, दुकान आपलंच की," असं ते म्हणायचे, आणि गिऱ्हाईकही त्या नावामागं जायचं. शेवटी गुरप्पानंही मान तुकवली. वडिलांनी हौसेनं रंगवून घेतलेली नंदीची पाटी उतरली आणि तिथं कंपनीची निळी पाटी चढली. दाराला पडदासुद्धा निळाच आला.

दोन दिवसांनी मल्लव्वा लेकीसाठी घर बघायला आली. तिचं राहतं घर गुरप्पानंच मिळवून दिलेलं. तिला वाचता येत नव्हतं. नंदी बघून ती दुकान ओळखायची. तिचा आवाज ऐकून गुरप्पा आतून लगबगीनं उठला, पण मल्लव्वा पायरीशीच थबकली होती.

"गुरप्पाण्णा वारला वाटतं गं," ती लेकीला म्हणाली. "असता तर नंदी उतरू दिला नसता त्यानं."

पायरीला हात लावून तिनं तो कपाळाला टेकवला आणि लेकीला घेऊन ती माघारी फिरली.

गुरप्पा पडद्याआड तसाच उभा राहिला. तिचं चुकलं, असं काही त्याला म्हणवेना.