चाचणीचा सुरुंग

पहिला भोंगा वाजला तसा मल्लिकार्जुन उठला आणि उमाबाईंच्या घराचं दार त्यानं आतून लावून घेतलं.

"दार कशाला लावता, साहेब?" उमाबाई एकदम म्हणाल्या.

"उघडं असलं की पळावंसं वाटतं, आजी. बसा. काही होत नाही."

मल्लिकार्जुन कंपनीचा इंजिनीअर. गावाबाहेरच्या माळावर कोळशावर चालणारं वीज केंद्र उभारायचं कंपनीनं ठरवलं होतं. पायासाठी पुढं काही महिने रोज सुरुंग लावून खडक फोडावा लागणार, म्हणून आज चाचणीचा सुरुंग होता. गाव भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. सतरा वर्षं झाली, तरी निम्मी माणसं अजून अंगणातच निजत. सुरुंगाच्या आवाजानं ती घाबरून बाहेर पळाली, तर पुढच्या आठवड्यातल्या जनसुनावणीत सगळं गाव विरोधात जाईल, अशी मोठ्या साहेबांना धास्ती होती. तोडगा मल्लिकार्जुननंच काढला. सगळ्यांनी घरात बसायचं. तोही बसणार, आणि तेही उमाबाईंच्या घरात. भूकंपात नवरा आणि दोन मुलं गेल्यापासून उमाबाई बंद दाराआड बसल्या नव्हत्या. त्या बसल्या तर गाव बसेल, हे त्यानं बरोबर हेरलं होतं.

सरपंच गुरुपादप्पा खाटेवर बसून पाय हलवत होते.

"साहेब, माझ्या सोयऱ्याचं गाव असल्याच एका केंद्राला लागून हाय. तुरीच्या फुलावर राख बसती, शेंग धरत न्हाई. लेकरं खोकून खोकून बेजार. नदीचं पाणी आधी केंद्राला, उरलं तर माणसाला. आन आमच्या नदीत पाणी हाय का तरी?" त्यांनी माळाच्या दिशेनं हात केला. "आमच्या माळावर ऊन काय कमी हाय? त्याची करा की वीज."

"आणि रात्री ऊन कुठून आणायचं, अप्पा?" मल्लिकार्जुन हसून म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. बारावीला तो लातूरला क्लासेसच्या गल्लीत राहिला होता. लाइट गेली की सगळी गल्ली काळोखात बुडायची आणि पोरं मेणबत्तीपाशी डोकी आणून वाचायची. एकदा त्याचे पुढचे केस जळाले होते. त्या गल्लीला वीज मिळायची तर कोळसा जाळावाच लागेल, असं त्याला मनापासून वाटायचं. राखेबद्दल मात्र तो काही बोलला नाही.

अजून एक गोष्ट त्यानं गावात कुणाला सांगितली नव्हती. त्याचं स्वतःचं गाव नदीपलीकडंच होतं. भूकंपात त्याची आई गेली, थोरली बहीण गेली. सहा वर्षांच्या मल्लिकार्जुनला मामानं ढिगाऱ्यातून ओढून काढलं आणि आपल्या गावी नेऊन वाढवलं. तुला काय आठवतं, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, काहीच नाही. ते खरंही होतं.

दुसरा भोंगा वाजला. उमाबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. गुरुपादप्पांचे पाय थांबले.

"फक्त एक धप्प आवाज येईल," मल्लिकार्जुन म्हणाला.

आवाज आला. जमीन पायाखालून जराशी सरकल्यासारखी झाली. फळीवरची भांडी किणकिणली.

भानावर आला तेव्हा तो रस्त्यापलीकडच्या नांगरटीत उभा होता. पायात चप्पल नव्हती. दाराच्या कडीनं बोटं सोलवटून निघाली होती. घसा दुखत होता, म्हणजे तो ओरडला असावा. त्यानं मागं वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. बाकी घरांची दारं बंद होती. त्यानं सांगितलं म्हणून सगळं गाव आत जीव मुठीत धरून बसलं होतं.

उघड्या दारातून उमाबाई हळूहळू चालत आल्या. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"अक्का कोण रे?" त्यांनी विचारलं. "अक्का ऊठ, अक्का ऊठ, म्हणून वरडत पळालास. कुठं हाय तुझी अक्का?"

मल्लिकार्जुननं आपल्या गावाचं नाव तेवढं सांगितलं. उमाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी ढेकळांतच बसल्या.

"म्हंजी तू आमच्यातलाच की, लेकरा." त्यांनी त्याच्या सोललेल्या बोटांवर पाणी घातलं. "तू म्हनलास म्हणून बसलो आम्ही. एक डाव बसलो. पण रोज न्हाई रं बसता यायचं. तू तरी बसशील का?"

खिशातला फोन वाजला. मोठे साहेब होते. आवाज खुशीत होता.

"अभिनंदन! हादरे मोजणाऱ्या यंत्राचा काटा जेमतेम हलला. सगळं नियमात आहे. आता सांगा, बाहेर किती लोक पळाले?"

"एक."

"अख्ख्या गावातून एकच? मग झालं की काम! गावाची काही हरकत नाही, असं मी आत्ताच वर कळवतो."

"नका कळवू, साहेब," मल्लिकार्जुन म्हणाला. "तो एक मी होतो. सुनावणीत पहिली हरकत माझी लिहून घ्या."